तिसऱ्या बिंदूचा दगड

"मी वेडा आहे की नाही, एवढंच मला शोधून द्या," म्हातारे गृहस्थ म्हणाले आणि कुणी बसा म्हणायच्या आत समोरच्या खुर्चीवर बसले.

महाराज बाड्याच्या चौकात एका कापडाच्या दुकानाच्या माथ्यावर यशश्री बापटचं चौकशीचं ऑफिस होतं. तिच्याकडे येणारे लोक होणाऱ्या जावयाची माहिती काढायला सांगत, नाहीतर नवऱ्याच्या मागावर राहायला. स्वतःचीच चौकशी मागणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"नाव?"

"तात्यासाहेब मुळ्ये. गणिताचा मास्तर. होतो."

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले जगदेवराव मोहिते ताडकन उभे राहिले. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते यशश्रीच्या हाताखाली काम करत. "सर! मी तुमचा विद्यार्थी. जगदेव. मागच्या बाकावरचा. तुमच्या विषयात दोनदा लटकलो."

"मागचा बाक काही वाईट नसतो. तिथून फळा पुरता दिसतो." तात्यासाहेब हसले नाहीत. ते यशश्रीकडे वळले. "शिवपुरी रोडला माझा एक प्लॉट आहे. त्रिकोणी. एक बाजू रस्त्याला, टोक मागे टेकडीकडे. त्या टोकाला हद्दीचा दगड. दगडाच्या अलीकडे विहीर. उन्हाळ्यातसुद्धा पाणी असतं तिला. शेजारी संग्रामसिंह मॅरेज गार्डन उभं करतोय. मधे गेलो, तर विहीर त्याच्या तारेच्या कुंपणात. दगड सरकवलाय."

"पटवाऱ्याला बोलावलं?"

"बोलावलं. त्यानं मोजलं. सरकारी खसऱ्याच्या नोंदीत पंधराशे चौरस मीटर, जागेवर पंधराशे चौरस मीटर. मुलगा आला बडोद्याहून, अभिराम. त्यानं मशीनवाला सर्वेयर आणला. त्याचंही पंधराशे. मग सगळे म्हणाले, जमीन घटली नाही त्याअर्थी दगड हलला नाही. हललंय ते माझं डोकं."

"जुना नकाशा?"

"त्यात माझा प्लॉट तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्यावरून काय ठरणार?" त्यांनी तिच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे दोन अक्ष काढले. "रस्त्यापलीकडे एक मैलाचा दगड आहे. तो माझा आरंभबिंदू. तिथून पूर्वेला किती मीटर, उत्तरेला किती, असं वर्गातल्या मुलांना नेऊन मी फितीनं मोजलं होतं. रस्ता तिरका जातो, म्हणून रस्त्यावरचे दोन कोपरे असे. पहिला दहा, वीस. दुसरा सत्तर, पन्नास. आणि मागचा, तिसरा बिंदू, तीस, ऐंशी."

"आणि क्षेत्रफळ?"

"प्रत्येकाचा पूर्वेचा आकडा घ्यायचा, उरलेल्या दोघांच्या उत्तरेच्या आकड्यांच्या वजाबाकीनं गुणायचा, ओळीनं. दहाला पन्नास वजा ऐंशी, म्हणजे उणे तीनशे. सत्तरला ऐंशी वजा वीस, चार हजार दोनशे. तीसला वीस वजा पन्नास, उणे नऊशे. बेरीज तीन हजार, निम्मे पंधराशे." एका दमात म्हणाले. श्वाससुद्धा घेतला नाही.

यशश्रीनं पान आपल्याकडे ओढलं. "पण सर, दगड हलला असेल तर तेव्हाही पंधराशे आणि आताही पंधराशे, हे कसं?"

"तेच तर कळत नाही," तात्यासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "सोमवारी अभिराम मला बडोद्याला नेणार. तिथे म्हाताऱ्यांच्या संस्थेत खोली बघून ठेवलीय. इथलं घर बंद. प्लॉट विकून मोकळे. वेड्याला कशाला हवी जमीन?"

उठताना त्यांनी जगदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं?"

जगदेवराव गोंधळले, मग हसले. "तुमच्याच हाताखाली, सर."

ते गेल्यावर जिन्यातून एक ऑटोवाला वर आला. "मॅडम, वो बुज़ुर्ग बैठे थे ना, किराया दिए बिना ऊपर आ गए." जगदेवरावांनी पैसे दिले.

"सगळं लक्ष आकड्यात," यशश्री म्हणाली. "अशी माणसं ऑटोचं भाडं नाही लक्षात ठेवत, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्लॉटवर गेले. अभिरामनं आणलेला सर्वेयर मोहित तिपाईवर मशीन लावून उभा होता. त्याला पुन्हा बोलावल्याचा राग आला होता.

"मी सांगितलं ना, पंधराशे. मशीन झूठ नाही बोलत, मॅडम."

"ही जागा आधी पाहिली होती तुम्ही?"

"नाही हो. अभिराम सरांनी बोलावलं तेव्हा पहिल्यांदा आलो."

"एक करा. तो मैलाचा दगड शून्य धरून तिन्ही कोपरे द्या."

"आजकाल असं कोण मोजतं? सॅटेलाइटवरून घेतो आम्ही सीधे."

"माझ्यासाठी."

रस्त्यापलीकडे नवा पेट्रोल पंप होता. यंदाच्या संक्रांतीला उघडला, असं दारावरच्या सुकलेल्या तोरणाखाली लिहिलेलं होतं. मैलाचा दगड पंपाच्या फुलझाडांच्या वाफ्यात आला होता आणि पंपवाल्यांनी त्याला इतर कुंड्यांसारखा झगझगीत पोपटी रंग देऊन टाकला होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो मैलाचा दगड आहे हे कळलंही नसतं. मोहितनं त्याच्यावर काठी धरली, मग एकेका कोपऱ्यावर गेला, आणि परत येताना भुवया वर करून आला.

"रस्त्यावरचे दोन, दहा-वीस आणि सत्तर-पन्नास. मागचा सोळा, त्र्याहत्तर."

"बरोबर सोळा? बरोबर त्र्याहत्तर?"

"बोटभर इकडेतिकडे. अजीब है. तिन्हीचे आकडे पुरे मीटरमधे."

मागचा दगड एका बंद पडलेल्या खदानीच्या काठावर उभा होता. त्याच्या पश्चिमेला उतार, खडक आणि काटेरी झुडपं. विहीर पूर्वेला, तारेपलीकडे, नव्यानं लावलेल्या हिरवळीच्या कडेला. यशश्रीनं जगदेवरावांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग ती गार्डनच्या फाटकातून आत गेली.

संग्रामसिंह काळा चष्मा लावून मांडवाचे खांब मोजून घेत होता. यशश्रीनं भाचीच्या लग्नाची गोष्ट काढली, मग हळूच विहिरीवर आली.

"मास्साब की हम बड़ी इज़्ज़त करते हैं," तो म्हणाला. "लेकिन उमर हो गई. पटवारी नाप गया, मशीन नाप गई. जितनी ज़मीन थी, उतनी है. और क्या चाहिए?"

"विहीर तुम्ही आधी मागितली होती."

"माँगा था. मना कर दिया. मास्टर आदमी हैं, एक बार ना तो ना."

"तुम्हीही त्यांच्याकडेच शिकलात?"

तो मोठ्यानं हसला. "तीन साल एक ही क्लास में. ये तिकोना-विकोना हमसे आज तक नहीं हुआ."

"आणि दगडाचं म्हणाल तर?"

हसू जरा उशिरा थांबलं. "हमने किसी को एक पैसा नहीं दिया, किसी ने हमसे लिया नहीं. पूछ लीजिए जिससे पूछना हो."

पैशाचं तिनं विचारलंच नव्हतं.

जगदेवराव बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते. त्यांच्या हातात लोखंडी सळई होती. "ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. दगडापासून निघालो, रस्त्याच्या जोडीनं सरळ, ना पुढे ना मागे. तारेखालून घुसलो. हिरवळीत जागोजाग सळई घुसवत गेलो, कुठेच काही नाही. मग एका ठिकाणी हातभर गेली आणि टणकन वाजली. उकरलं तर चुना आणि विटांचे तुकडे. जुना पाया. दगड काढून नेला, पाया तसाच राहिला."

"तीस, ऐंशी," यशश्री म्हणाली.

"म्हणजे म्हातारा शहाणा!"

"शहाणा. आता त्याला वेडा कोण ठरवतंय ते बघायचं."

मुळ्यांचं घर दौलतगंजात, दुकानांच्या रांगेवर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत पांढरा फळा आणि मुलांच्या सतरंज्या. तात्यासाहेबांची मुलगी सीमंतिनी तिथे दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. पन्नाशीची, किडकिडीत, डोळ्यांखाली काळं. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती बऱ्याच वर्षांपूर्वी परत आली होती, आणि आई गेल्यापासून बाप आणि ती.

यशश्रीनं घर नजरेखालून घातलं. तात्यासाहेबांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, नवी, चकचकीत, वरच्या बाजूला. स्वयंपाकघरात गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवलेला, कपाटाला कुलूप.

"ही कडी?"

"मी बसवली," सीमंतिनी म्हणाली. आणि किल्ली घेऊन चहा ठेवायला गेली.

अभिराम सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. "काय आहे ना मॅडम, ताई वर्षभर मला फोनवर सांगत होती, बाबा विसरतात, बाबा विसरतात. मी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर डॉक्टरच दमला. मी म्हटलं, ताई, तुलाच भास होतात. पण हे दगडाचं झालं आणि मला पटलं. पटवाऱ्याचं माप एकीकडे, आणि बाबा हट्टानं दुसरीकडे. मग आलो."

"त्याआधी कधी आला होतात?"

"आई गेली तेव्हा. दोन वर्षांपूर्वी." त्यानं मोबाइल उलटा ठेवला. "नोकरी असते, मॅडम."

"बाबांनी प्लॉट मोजला तेव्हा आरंभबिंदू कुठला धरला होता, माहीत आहे?"

"ते मारुतीचं देऊळ ना? की काहीतरी. मला नाही त्यात इंटरेस्ट कधी."

सीमंतिनी चहा घेऊन आली. यशश्रीनं तिलाही तेच विचारलं.

"रस्त्यापलीकडचा मैलाचा दगड. लहानपणी फितीचं टोक मीच धरायची, उन्हात. आता तर त्याला पोपटी रंग फासून ठेवलाय."

"तुम्ही प्लॉटवर कधी गेला होतात शेवटच्या?"

"आई गेल्यापासून नाही. घर, क्लास, बाबा. जाणार कधी?"

आतून तात्यासाहेब आले. त्यांनी जगदेवरावांकडे पाहिलं आणि आपुलकीनं विचारलं, "तुमचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं?"

रस्त्यावर आल्यावर जगदेवराव म्हणाले, "ताई, सरांनी मला पुन्हा तेच विचारलं."

"थट्टा करतात, काका. मास्तरांची सवय." यशश्री मनात आकडे मांडत होती. बाड्यावर पोहोचेपर्यंत ती दोनदा हसली, आणि दोन्ही वेळा ते हसू चांगलं नव्हतं.

रविवारी दुपारी तिनं सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. संग्रामसिंह सतरंजीवर न बसता दाराला टेकून उभा राहिला. मोहित घड्याळ बघत होता. अभिरामची बॅग भरून दाराशी ठेवलेली. तात्यासाहेब खुर्चीत ताठ. सीमंतिनी खिडकीपाशी.

"दगड हललाय," यशश्री म्हणाली.

"आणि क्षेत्रफळ?" अभिराम.

यशश्रीनं फळ्यावर त्रिकोण काढला. "सर म्हणतात मागचा दगड तीस, ऐंशीवर होता. आज तो सोळा, त्र्याहत्तरवर आहे. सरांच्याच रीतीनं करू. दहाला पन्नास वजा त्र्याहत्तर, उणे दोनशे तीस. सत्तरला त्र्याहत्तर वजा वीस, तीन हजार सातशे दहा. सोळाला वीस वजा पन्नास, उणे चारशे ऐंशी. बेरीज तीन हजार. निम्मे?"

"पंधराशे," मोहित म्हणाला. त्याचं घड्याळ बघणं थांबलं.

"दोन वेगळे त्रिकोण, क्षेत्रफळ एकच. योगायोग? रस्त्यावरच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्याकडे जाताना साठ पूर्वेला, तीस उत्तरेला जावं लागतं. साठाला तीस. जुन्या दगडापासून नव्याकडे जाताना चौदा पश्चिमेला, सात दक्षिणेला. चौदाला सात. चढ तोच, निम्मा." तिनं टोकातून रस्त्याला समांतर रेषा ओढली. "दगड या रेषेवरून सरकला. रस्त्यापासून त्याचं अंतर तेवढंच राहिलं. पाया तोच, उंची तीच, म्हणून क्षेत्रफळ तेच. पूर्वेचा विहिरीचा तुकडा गेला, आणि पश्चिमेला तेवढाच खदानीचा खड्डा आत आला. जगदेवकाका दगडापासून रस्त्याच्या जोडीनं चालत गेले आणि त्यांना जुना पाया सापडला. चुन्याचा. नेमका तीस, ऐंशीवर."

तात्यासाहेब फळ्याकडे एकटक पाहत होते. "अरे हो," ते हळूच म्हणाले. "असं होतं खरं."

"संग्रामसिंहजींनी स्वतःच्या मनानं हलवला असता, तर नुसता आत ढकलला असता. जमीन घटली असती आणि पटवाऱ्यानं पहिल्याच दिवशी पकडलं असतं. त्यांना तिकोना-विकोना जमत नाही. म्हणजे कुणीतरी त्यांना जागा दाखवली. ज्याला गणित येतं, आणि ज्याला जुना बिंदूही माहीत आहे."

"मी नाही," मोहित पटकन म्हणाला.

"तुम्ही नाही. तुम्ही जागा आधी पाहिलेली नव्हती, आणि तुम्ही सॅटेलाइटवरून मोजता. नवा दगड मैलाच्या दगडापासून पुऱ्या मीटरवर बसलाय. म्हणजे दाखवणाऱ्यानं सरांचाच आरंभबिंदू धरून फीत लावली. अभिरामना वाटतं तो मारुतीचं देऊळ आहे. एका व्यक्तीला तो नीट माहीत आहे. ती म्हणते, मी आई गेल्यापासून तिकडे गेले नाही. पण मैलाच्या दगडाला पोपटी रंग दिलाय हे तिला माहीत आहे. तो रंग पंपवाल्यांनी दिला. पंप यंदा संक्रांतीला उघडला, आई त्याच्या कितीतरी आधी गेली."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"कडी बाहेरून," यशश्री पुढे म्हणाली, आणि तिचा आवाज कडक झाला. "वर्षभर भावाच्या कानावर घालणं, की बाबा विसरतात. मग एक अशी चूक रचायची की बाप सगळ्यांसमोर वेडा ठरेल. संग्रामसिंहजींना विहीर मिळाली. तुम्हाला काय मिळणार होतं, सीमंतिनीताई? बाप बडोद्याला, घर मोकळं?"

संग्रामसिंहानं चष्मा काढला. "दीदी ने खुद फीता पकड़ा था, मैडम. हमने पूछा, क्या दें. बोलीं, कुछ नहीं. हम तो आज तक नहीं समझे."

"बरोबर," सीमंतिनी म्हणाली. "सगळं बरोबर आहे. जागा मीच दाखवली."

"का?" अभिराम ओरडला. "ताई, का?"

"तू यावंस म्हणून."

ती भिंतीला टेकली. रडली नाही.

"दसऱ्याच्या आधी बाबा पहाटे पायजम्यावर शाळेत जायला निघाले. नोकरी सोडून किती वर्षं झाली त्यांना. चौकात सापडले, पाय रक्ताळलेले. म्हणून ती कडी. एकदा गॅस उघडा ठेवून झोपले. म्हणून कपाटाला कुलूप. मी तुला फोन केला. तू त्यांना फोनवर विचारलंस, सतरा गुणिले तेवीस. ते म्हणाले, तीनशे एक्क्याण्णव. तू मला म्हणालास, ताई, तूच जरा आराम कर. डॉक्टरनं पण वजाबाकी घातली. वजाबाकी नाही जाणार त्यांची! जुनं सगळं जागच्या जागी आहे, अभि. नवं काही राहत नाही. सकाळी मला विचारतात, तुझी आई कुठंय. रोज. रोज मी सांगते आणि रोज ते पहिल्यांदा ऐकतात."

"बस कर," तात्यासाहेब म्हणाले.

"ते खरोखर विसरतात तेव्हा तिथे फक्त मी असते. चार लोकांसमोर ते कधीच चुकत नाहीत. मग मला अशी एक चूक हवी होती की जी सगळ्यांना दिसेल. खोटी का होईना." ती यशश्रीकडे वळली. "तुम्ही हुशार आहात. समांतर रेषेची ही गोष्ट मला कुणी शिकवली माहीत आहे? यांनी. त्याच प्लॉटवर नेऊन, दोरी ताणून. अर्ध्या शहराला शिकवली. आणि त्याच माणसाला स्वतःच्या जमिनीवर ती इतके महिने दिसली नाही. पंधराशे, पंधराशे म्हणत फिरत राहिले. तुम्ही सगळं शोधलंत. हे तुम्हाला खटकलं नाही?"

यशश्रीच्या हातात खडू नसून मार्कर होता, तरी तिनं बोटं झटकली. जगदेवराव तिच्याकडे पाहत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तात्यासाहेब उठले. "मी वेडा नाही. हे आता सर्वांनी ऐकलं." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "ही या घरात नको. आजच जाऊ दे."

"बाबा," अभिराम म्हणाला. त्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला, उतरलेला सगळ्यांना दिसला. "म्हणजे बाबा ठीक आहेत. एकदम ठीक. मग बडोद्याला न्यायची गरजच काय? इथे स्वयंपाकाला एक बाई लावून देतो."

सीमंतिनी हसली. तिनं एका पिशवीत चार कपडे भरले आणि मुरारला मैत्रिणीकडे गेली. जाताना कपाटाची किल्ली फळ्याखालच्या पट्टीवर ठेवून गेली. अभिराम दुसऱ्या दिवशी बडोद्याला परतला.

दगड पुन्हा बसवला त्या दिवशी ऊन कडक होतं. संग्रामसिंहाचे मजूर चुन्याच्या जुन्या पायावर तो उभा करत होते आणि तो स्वतः लांब, सावलीत, फोनवर कुणावर तरी ओरडत होता. जगदेवरावांनी तात्यासाहेबांना ऑटोनं आणलं. सरांचा शर्ट उलटा होता. बटणं आतल्या बाजूला.

त्यांनी स्वतः फीत धरायला लावली. मैलाच्या दगडापासून पूर्वेला, मग उत्तरेला. तीस. ऐंशी. मान हलवली. यशश्रीनं अभिनंदन केलं तेव्हा म्हणाले, "यात अभिनंदन कसलं? बिंदू जिथे असतो तिथेच असतो."

मग ते रस्त्याकडे पाहत राहिले. बराच वेळ.

"सीमू अजून आली नाही," ते म्हणाले. "स्कूटर घेऊन न्यायला येते म्हणाली होती."

यशश्रीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "सर, सीमंतिनीताई मुरारला गेल्यात. तुम्हीच त्यांना..."

"मुरारला? मुरारला काय आहे?" त्यांच्या नजरेत राग नव्हता, आठवणही नव्हती. होती ती काळजी, अगदी साधी. "कुणाशी भांडली का? कमी बोलते, पण मनाला लावून घेते हो."

जगदेवरावांनी तोंड फिरवलं आणि मजुरांना उगाच काहीतरी सांगायला गेले.

यशश्रीनं आधी अभिरामला फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग तिनं मुरारला लावला.

"ते तुम्हाला विचारतायत," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिनं तयार ठेवलं होतं, माफीचं. त्याऐवजी म्हणाली, "आम्ही प्लॉटवर आहोत."

मग सीमंतिनीनं विचारलं, "उन्हात किती वेळ उभे आहेत?"

ती आली तेव्हा तिचा चेहरा धुळीनं माखला होता. यशश्रीकडे तिनं बघितलंही नाही. बापाला तिनं स्कूटरपाशी आणलं, शर्ट उलटा आहे हे पाहिलं, आणि भर रस्त्यावर तो काढून सुलटा करून पुन्हा घातला. लहान मुलाला घालावा तसा. तात्यासाहेबांनी हात वर केले आणि ते बोलत राहिले.

"सीमू, मी म्हणत होतो की नाही? दगड हलवला होता. बसवला आज जागेवर."

"हो, बाबा."

"कुणी हलवला कोण जाणे." त्यांनी मान पुढे केली आणि तिनं त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. "पण जो कुणी होता ना, त्याचं गणित पक्कं होतं. एवढं सुचायला डोकं लागतं. माझ्याच वर्गातला असणार."

हनुवटीखालचा पट्टा लावता लावता सीमंतिनीची बोटं थांबली. मग पट्टा लागला.

"असेल," ती म्हणाली. "पाय वर घ्या, बाबा." आणि तिनं स्कूटर सुरू केली.